मुक्तस्रोत, पण पुस्तिका कुठे?

मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकाच्या बोर्डांविषयी का लिहावे, असा प्रश्न हे टिपण हाती घेणाऱ्याच्या मनात प्रथम उभा राहील. आमच्याच विभागात तो आम्हाला विचारला गेला आहे. ‘हे विज्ञान शाखेकडे सोपवा’ असा त्या विचारण्याचा सूर होता. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. स्वस्त बोर्डांवर मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम चालवताना जी अडचण येते ती बव्हंशी लेखनाची अडचण असते. कुणीतरी जे लिहायला हवे होते ते लिहिलेले नसते, किंवा लिहिलेले दडवून ठेवलेले असते. संहिता, टीका, पाठभेद आणि कोश यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांनी या प्रकाराकडे पाठ फिरवावी, हे आम्हाला पटत नाही.

आधी प्रसंग सांगतो, मग वाद.

दिवा-रोहा मार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर हे स्थानक लागते. गणेशमूर्तींच्या धंद्यामुळे हमरापूर, जोहे ही गावे महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. येथून न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती गावोगावच्या कारागिरांकडे जातात आणि कारखान्यांतून जवळजवळ वर्षभर काम चालू असते. या कामात आगरी समाजाच्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या आज्या-पणज्यांपैकी काही धवलारणी होत्या. आगरी लग्नांत विधीच्या टप्प्याटप्प्यावर धवला गाणारी ही स्त्री म्हणजे एक चालती-बोलती संहिता. आम्ही दोघांनी गेली काही वर्षे सुट्ट्यांमध्ये अशा धवल्यांची ध्वनिमुद्रणे केली. ती महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा जिथली होती तिथे ऐकू यावीत, एवढीच इच्छा होती. एका मूर्तिकाराने आपल्या कारखान्याच्या माडीवरची खोली देऊ केली. तिथे चार कपाटांचे वाचनालय होते. एक जुना दूरदर्शन संच आणि एक ध्वनिक्षेपकही होता. संगणक तेवढा नव्हता.

म्हणून आम्ही तळहाताएवढा एक सिंगल बोर्ड संगणक घेतला. प्रोसेसर, स्मृती, चित्र आणि आवाज बाहेर नेणाऱ्या जोडण्या, सारे एकाच पाटीवर. वीज मोबाइलच्या चार्जरइतकी खातो. प्रसिद्ध बनावटीच्या बोर्डापेक्षा हा निम्म्या किमतीत मिळाला आणि स्मृती दुप्पट. खोक्यावर मुक्तस्रोत प्रणालींची नावे ठळक छापलेली होती. खोक्यात बोर्ड होता आणि वॉरंटीची चिठ्ठी होती. त्याखेरीज वाचण्याजोगे काही नव्हते. निर्मात्याचे नाव येथे घेत नाही. नाव बदलले तरी कथा फारशी बदलणार नाही, असा पुढचा अनुभव आहे.

निर्मात्याने दिलेली तयार प्रणाली कार्डावर उतरवली तेव्हा चित्र दिसले आणि आवाजही आला. मग बिघडले काय? त्या प्रणालीचे कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, ४.४ या आवृत्तीचे होते. ही आवृत्ती जानेवारी २०१६ मध्ये आली आणि मूळ प्रकल्पाने तिला दिलेली देखभाल फेब्रुवारी २०२२ मध्ये संपली. पुढे सापडलेल्या सुरक्षेच्या उणिवा तिच्यात कुणी दुरुस्त करणार नव्हते. आणि बोर्ड ज्या जाळ्याला जोडायचा होता त्याच जाळ्यावर कारखान्याच्या हिशेबाचा संगणक होता. दुसऱ्याच्या घरात आपण ठेवलेली वस्तू त्याच्या तिजोरीला धोका ठरू नये, इतका विवेक तर पाळायलाच हवा. आम्ही डेबियनवर आधारलेली, स्वयंसेवकांनी जोपासलेली नवी प्रणाली बसवायचे ठरवले.

ती सुरूच होईना. पडदा काळा. अशा वेळी बोर्डाच्या कडेला असलेल्या तीन पिनांना तारा जोडून तो आतल्या आत काय बोलतो आहे ते दुसऱ्या संगणकावर वाचता येते. पिनांवर नावे नव्हती. ती शोधली, तारा जोडल्या आणि पडद्यावर अक्षरे उमटली; पण कोणत्याही भाषेत न बसणारी, नुसती चौकोन आणि चिन्हे. दोन रविवार गेल्यावर उलगडा झाला. असे बोर्ड सहसा सेकंदाला १,१५,२०० या वेगाने बोलतात, म्हणून आम्ही तोच धरून बसलो होतो; हा बोर्ड १५,००,००० या वेगाने बोलत होता. हा आकडा निर्मात्याच्या कोणत्याही कागदावर नव्हता. परदेशातल्या एका अनोळखी माणसाने आपल्या खटपटीची टिपणे लिहून ठेवली होती, त्यांत तो मिळाला.

त्यानंतर नवी प्रणाली सुरू झाली. चित्र आले, जाळेही जोडले गेले. आवाज मात्र येईना. जुन्या, असुरक्षित प्रणालीत धवला ऐकू येत होता. नव्या, सुरक्षित प्रणालीत धवलारीण मुकी होती.

येथे थोडे तांत्रिक विवेचन करणे भाग आहे. आपल्या टेबलावरचा नेहमीचा संगणक सुरू होताना आपल्यात कोणते भाग आहेत ते बहुतांशी स्वतःच प्रणालीला सांगतो. मोबाइलच्या जातीच्या, एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांत ही सोय सहसा नसते. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे आणि कोणत्या पिनेने काय चालू होते, हे प्रणालीला आधीच लिहून द्यावे लागते. पूर्वी प्रत्येक बोर्डासाठी हा तपशील कर्नेलच्या आतच कोंबला जाई. त्यातून माजलेल्या बजबजपुरीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ साली जाहीर नापसंती व्यक्त केली आणि ‘डिव्हाइस ट्री’ नावाची वेगळी वर्णनफाइल लिहिण्याची रीत रूढ झाली. म्हणजे या बोर्डांच्या जगात वर्णन ही शोभेची गोष्ट नाही. वर्णनावाचून यंत्र चालतच नाही. आणि वर्णन लिहिण्यासाठी लागते चिपची पुस्तिका आणि बोर्डाचा आराखडा. या दोन गोष्टी विकणाऱ्याच्या कपाटात असतात आणि विकत घेणाऱ्याला मिळत नाहीत.

आमच्या आवाजाचा प्रश्न अखेर एका पिनेवर येऊन थांबला. ध्वनिवर्धकाला जाग आणणारी ती पिन नव्या वर्णनात नोंदलेलीच नव्हती. निर्मात्याच्या जुन्या वर्णनफाइलची उकल केली तर तिथे एक क्रमांक होता. पण तो दुसऱ्याच कुठल्या बोर्डावरून उतरवून घेतलेला, म्हणजे चुकीचा निघाला. लेखनिकाने मागची पोथी डोळे झाकून नकलावी तसा. शेवटी आम्ही आमच्या शास्त्राकडे वळलो. जुन्या प्रणालीत धवला वाजत असताना सगळ्या पिनांची स्थिती लिहून घेतली, वाजत नसतानाची लिहून घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. पाठभेद काढणे याला आम्ही पंचवीस वर्षे दुसरे काय म्हणत आलो आहोत? फरक पडणाऱ्या पिना तीन निघाल्या. एकेक तपासता हवी ती सापडली. वर्णनात चार शब्दांची एक ओळ वाढवली आणि माडीवरच्या ध्वनिक्षेपकातून आवाज आला. या एका ओळीसाठी तीन महिने गेले. ती लिहिणाऱ्याला, म्हणजे ज्याने बोर्ड आखला त्याला, पाच मिनिटे पुरली असती.

आता वाद.

पहिला आक्षेप उत्साही तंत्रज्ञांकडून येतो. ते म्हणतात, स्रोत खुला आहे ना? मग तोच वाचा. संकेत हाच दस्तऐवज. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याची आता चिकित्सा व्हायला हवी. स्रोतात असे लिहिलेले असते की अमुक पत्त्यावर अमुक संख्या टाका. ती संख्या का, तिच्यातला कोणता अंश कशासाठी, दुसरी टाकली तर काय होईल, हे तिथे नसते. संहिता उपलब्ध असणे आणि संहिता कळणे यांतले अंतर साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच शिकवले जाते. गीता कुणी कुलपात ठेवलेली नव्हती. तरी मराठी माणसाला ती खुली व्हायला शके १२१२ मधली ‘भावार्थदीपिका’ लागली. टीकेची गरज अडाण्यालाच असते, हा गैरसमज आपण साहित्यात टिकू देत नाही. मग तंत्रज्ञानात का टिकू द्यावा?

लिनक्सचे कर्नेल १९९२ पासून जीपीएल परवान्याखाली आहे. तो परवाना मोलाचाच आहे. कर्नेलची बदललेली प्रत जो वाटेल त्याने त्या बदलांचा स्रोतही द्यावा, असे तो बजावतो. पण तो स्रोत मागतो, पुस्तिका मागत नाही. या फटीतून एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली आहे. जुन्या कर्नेलची एक प्रत घ्यायची, तिच्यात आपल्या चिपपुरते ठिगळ लावायचे, ते ठिगळ स्रोत म्हणून फेकायचे आणि पुढच्या वर्षी नव्या चिपकडे वळायचे. खोक्यावर ‘मुक्तस्रोत’ छापायला ते पुरते. त्या ठिगळांत काय असू शकते, याचे उदाहरण २०१६ मध्ये जगासमोर आले. ऑलविनर या चिपनिर्मात्याच्या ३.४ आवृत्तीच्या कर्नेलमध्ये चाचणीसाठी ठेवलेले एक छुपे दार तसेच राहून गेले होते. एक विशिष्ट शब्द लिहिला की कोणत्याही प्रोग्रामला यंत्राचे सर्वाधिकार मिळत. तो स्रोत खुला होता. खुल्या दारातून कुणी आत डोकावून पाहीपर्यंत मात्र ते बोर्ड जगभर विकले गेले होते.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. पुस्तिका दिली तर प्रतिस्पर्धी आमचे गुपित पळवतील. आम्हाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरे समोर, पण एका अक्षराच्या जागी दुसरे योजलेले; किल्ली पंथाकडे. परिणाम असा की, लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने आणि पंथातल्या जाणत्यांच्या साहाय्याने त्या लिप्यांची किल्ली बाहेर आली आणि आपल्या भाषेचा इतिहास नव्याने लिहावा लागला. पंथाची बाजू आम्ही समजू शकतो. त्यांच्यापुढे श्रद्धेचे आणि संरक्षणाचे प्रश्न होते. चिपविक्रेत्यापुढे तसे काय आहे? कोणत्या पत्त्यावर कोणती संख्या टाकली की काय होते, एवढे सांगण्याने चिपची रचना उघडी पडत नाही. अक्षर कसे उच्चारायचे हे शिकवल्याने कवीची प्रतिभा चोरीला जात नाही.

आणि हा केवळ तर्क नव्हे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बीगलबोन बोर्डातल्या चिपची चार हजारांहून अधिक पानांची पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवली आहे. रास्पबेरी पाय २०१२ च्या फेब्रुवारीत बाजारात आला तेव्हा त्याच्या चित्र उमटवणाऱ्या भागाविषयी ब्रॉडकॉम मौन बाळगून होती; २०१४ च्या फेब्रुवारीत तिने त्या भागाची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि त्यावर पुढे मुक्त चालक लिहिला गेला. त्यानंतर रास्पबेरी पायची विक्री घटल्याचे दिसले नाही. अर्थात त्या बोर्डाचेही सगळेच खुले नाही. सुरुवात करून देणाऱ्या काही फाइली अजून बंदच आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जिथे पुस्तिका मिळालीच नाही तिथे माणसांनी राजवाड्यांचाच मार्ग धरला. एआरएमच्या ‘माली’ चित्रचिपांचे वागणे बाहेरून निरखून स्वयंसेवकांनी ‘लिमा’ आणि ‘पॅनफ्रॉस्ट’ हे चालक लिहिले. २०१९ मध्ये ते मुख्य कर्नेलमध्ये दाखल झाले. या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण ज्याचे उत्तर एका कपाटात लिहून ठेवलेले आहे ते कोडे सोडवण्यात बुद्धिमान माणसांची वर्षे जावीत, यात भूषण ते कसले? ओपनबीएसडी या प्रकल्पाने या बाबतीत घेतलेली भूमिका आम्हाला अनुकरणीय वाटते. गुप्ततेच्या करारावर सही करून मिळणारी पुस्तिका त्यांनी सातत्याने नाकारली. पुस्तिका द्यायची तर सर्वांना द्या, असा तो आग्रह आहे.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा. ‘स्वस्त मिळते ना, मग एवढे कशाला ताणता?’ महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांवर आम्ही बसलो आहोत. दरपत्रकांच्या तक्त्यात प्रोसेसर, स्मृती, किंमत, वॉरंटी असे रकाने असतात. पुस्तिका मिळणार का, आराखडा मिळणार का, मुख्य कर्नेलमध्ये या बोर्डाला आधार आहे का, असा रकाना आम्ही कुठे पाहिला नाही. या अनास्थेची किंमत महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये विद्यार्थ्यांसाठीच्या ‘आकाश-२’ या स्वस्त टॅब्लेटचे राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झाले. मुंबईच्या आयआयटीकडे त्या प्रकल्पाची मोठी जबाबदारी होती आणि तिथल्या चमूने त्या टॅब्लेटवर पूर्ण लिनक्स चालवून दाखवले. तो टॅब्लेट होता, बोर्ड नव्हे. पण आत चिप त्याच जातीची, ऑलविनरची ए-१३. त्या चिपवर मुक्त प्रणाली कशी चालवावी याचे ज्ञान तेव्हा मुख्यतः ‘सनक्सी’ नावाच्या स्वयंसेवक समूहाने कणाकणाने जमवलेले होते. किंमत किती कमी झाली याच्या बातम्या झाल्या. चिपची पुस्तिका मिळाली का, असा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आमच्या ऐकण्यात आला नाही. सरकार हजारोंच्या संख्येने खरेदी करते तेव्हा त्याच्या हाती वजन असते. ते वजन भाव पाडण्यासाठी वापरले जाते, कागद मागण्यासाठी नाही.

आणि आता स्वतःकडे. महाराष्ट्रात मराठीतून ज्ञान आणण्याची परंपरा क्षीण नाही. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात माहितीपत्रकाचा घटक आपण शिकवतो. त्यात विद्यार्थी काय लिहितात? काल्पनिक सहलीचे पत्रक, काल्पनिक साबणाची जाहिरात. एखाद्या खऱ्या यंत्राची, वापरणाऱ्याच्या हाती पडेल अशी पुस्तिका लिहून घेतल्याचे उदाहरण निदान आमच्या विभागात तरी नाही. आम्हीही ती आजवर लिहून घेतली नव्हती, हा दोष आमचा. तंत्रज्ञानाचे मराठी कृत्रिम होते म्हणून आपण नाके मुरडतो. ते कृत्रिम होते कारण यंत्राला हात न लावता ते लिहिले जाते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिक्षणसंस्थांनी आणि शासनाने बोर्ड घेताना चिपची पुस्तिका, बोर्डाचा आराखडा आणि मुख्य कर्नेलमधला आधार या तीन गोष्टी दरपत्रकात लेखी मागाव्यात. ज्याच्याकडे त्या नाहीत त्याचा बोर्ड स्वस्त समजू नये. ज्यांनी खटपट करून काही शोधले त्यांनी ते लिहून ठेवावे आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवावे. आणि मराठी विभागांनी वर्षाकाठी निदान एका खऱ्या वस्तूची पुस्तिका विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी, तीही ती वस्तू हाताळून.

आमच्यापुरती सुरुवात केली आहे. वर्णनातली ती एक ओळ, स्पष्टीकरणासह, मूळ प्रकल्पाकडे पाठवली. द्वितीय वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी हमरापूरला येऊन त्या बोर्डाची अकरा पानांची मराठी पुस्तिका लिहिली: तीन पिना कोणत्या, वेग किती, आवाज बंद पडला तर काय पाहावे. पहिला खर्डा कारखान्यातल्या एका मुलीला वाचायला दिला तेव्हा तिने दुसऱ्या पानावरच अडून विचारले, ‘सर, इथं ‘योग्य ती जोडणी करावी’ लिवलंय, पन योग्य म्हंजे कुठली?’ तेवढे पान पुन्हा लिहिले. आता कामाला बसण्यापूर्वी तीच वर जाऊन यंत्र सुरू करते. आम्ही शेवटचे गेलो तेव्हा खाली मूर्तींवरून हात फिरत होते आणि वरून हळदीचा धवला ऐकू येत होता. गाणारी तिची पणजी होती.